झाकणातली काळी पूड

१

खोका उघडला. आत ड्रम होता, पण नवा नव्हता.

शुक्रवारची सकाळ. तासाभरापूर्वी छापखान्यातलं मोठं डिजिटल मशीन चालता चालता थांबलं होतं. कुठल्याशा कागदाला चिकटून स्टेपलची एक पिन आत गेली आणि तिनं काळ्या रंगाच्या ड्रमवर वीतभर ओरखडा काढला. ड्रम म्हणजे हातभर लांबीचा, आरशासारखा गुळगुळीत नळा. अक्षर आधी त्याच्यावर उमटतं, मग कागदावर. त्याच्यावर ओरखडा म्हणजे प्रत्येक पानावर रेघ. आणि छपाईला होती कमी दिसणाऱ्या मुलांच्या शाळेची वाचनाची पुस्तकं, चारशे प्रती, बोराएवढ्या टपोऱ्या अक्षरांची. शाळा सोमवारी उघडणार होती. ज्या मुलाला मुळात अक्षरच मुश्किलीनं दिसतं, त्याला मधोमध रेघ मारलेलं पान कुठल्या तोंडानं द्यायचं?

"घाबरायचं काही नाही," मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे छापखान्याचे मेकॅनिक. वय बासष्ट, चष्मा कपाळावर, खिशात पेचकस. "बाईंच्या कपाटात एक नवा आहे. अर्ध्या तासात बसवतो." त्यांनी आपलं लाकडी स्टूल नेहमीसारखं उचलून मशीनच्या तोंडाशी उलटं ठेवलं आणि बाह्या वर केल्या.

बाई म्हणजे सुट्या भागांच्या भांडाराच्या बाई. रोलर, पट्टे, ब्लेड, टोनरच्या बाटल्या, सगळं त्यांच्या लोखंडी कपाटात आणि सगळ्याची नोंद त्यांच्या वहीत. मागे सगळे त्यांना यादीबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. घरी भाजीच्या पिशवीत कोथिंबीर विसरतील, पण इथला स्क्रू विसरणार नाहीत.

खोका त्यांनी स्वतः आणून टेबलावर ठेवला. मालकांना धीर नव्हता. त्यांनीच टेप फाडली, झाकण उलगडलं, आणि त्यांचा तळहात काळाकुट्ट झाला.

"हे काय? नव्या ड्रमला टोनर कुठून लागलं?"

झाकणाच्या आतून काळी पूड भुरभुरली. आत काळ्या कागदात गुंडाळलेला ड्रम होता. मास्तरांनी कागद सोडला, ड्रमच्या कडेवर बोट फिरवलं आणि तसेच उभे राहिले.

"वापरलेला आहे," ते म्हणाले. मग बाईंकडे न बघता, फार हळू विचारलं, "कपाटात दुसरा खोका नाही?"

"नाही. एकच होता."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ड्रम त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळला, निजलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसा.

२

"म्हणजे कोणीतरी नवा काढून नेला आणि त्या जागी जुना कोंबला," मालक म्हणाले.

मालक चाळिशीचे. वडिलांच्या मागे छापखाना हातात आला तेव्हा मास्तरांनीच त्यांना मशीनचं दार कसं उघडायचं ते शिकवलं होतं. आता मालक त्यांच्याकडे बघतही नव्हते.

"बाई, वही."

बाईंनी वही उघडली. तारीख, वस्तू, नंबर, कोणाकडून, सही, असे पाच रकाने. त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "सव्वीस तारीख. काळा ड्रम. एक नग. जमा." आणि वही मिटली. दोन महिन्यांपूर्वीची नोंद. मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवड्यांची रजा घेऊन बाई परत आल्या होत्या, त्याच दिवसाची.

"वहीत आहे म्हणजे आला होता," मालक म्हणाले. ह्यावर कोणी शंका घेतली नाही. ह्या इमारतीत घड्याळावर शंका घेत, बाईंच्या वहीवर नाही.

"कपाटाची किल्ली?"

"एक माझ्या कमरेला. एक मास्तरांकडे, मी नसले तर लागते म्हणून."

"हं." मालकांनी रुमालानं हात पुसला, काळं गेलं नाही, रुमाल मात्र गेला. "हे बघा, कंपनीचा देखभालीचा कागद दोन महिने माझ्या टेबलावर पडलाय. त्यांचा माणूस, त्यांचेच पार्ट. मास्तरांसाठीच मी सही केली नव्हती. उद्या दुपारपर्यंत मला कळलं पाहिजे, इथं कोण काय करतंय. नाहीतर सोमवारी सही करतो."

म्हणजे मास्तर घरी. सगळ्यांना समजलं, मास्तरांना सगळ्यांत आधी.

मालकांनी गावभर फोन लावले, पण सोमवारच्या आत नवा ड्रम कोणी द्यायला तयार नव्हतं. इकडे बाई कामाला लागल्या. त्यांचा तपास म्हणजे यादी. कागदावर तीन नावं लिहिली: ऑपरेटर, मेहुणे, मास्तर. तिसरं नाव लिहिताना पेन अडलं, पण यादी म्हटली की यादी.

ऑपरेटर मुलगी सत्तावीस वर्षांची, हाताची चपळ, तोंडाची त्याहून. आज मात्र ती गप्प होती.

"मावशी, मला काही विचारू नका. मी कपाटाला हात लावत नाही."

"कपाटाचं नाही विचारत. हा जुना ड्रम ओळखतेस?"

मुलीनं मान फिरवली. "सगळे ड्रम सारखेच दिसतात."

हे खोटं होतं. आपल्या मशीनमधला ड्रम ऑपरेटरला न ओळखू येणं म्हणजे आईला आपल्या पोराची चप्पल ओळखू न येणं. बाईंनी यादीत तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मेहुणे म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं स्वतःचं छोटं दुकान, मशीन ह्याच जातीचं, आणि ह्या छापखान्यातून वस्तू उसन्या न्यायची जुनी सवय. बाईंनी दुपारी त्यांना गाठलं.

"बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेता? बहिणीच्या घरची वस्तू म्हणजे..."

"म्हणजे तुमचीच, असं तुम्हाला वाटतं. म्हणून तर आले."

मेहुणे हसले, मग ओशाळले. मागच्या महिन्यात रबराचा एक रोलर नेला होता, तो टेबलाखालून काढून दिला. "ड्रम नाही हो. शपथेवर सांगतो. माझ्या मशीनचा ड्रम बघा, इतका म्हातारा झालाय की गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेवर नवऱ्याला मिशी आली. नवा चोरला असता तर लावला नसता का?"

बाईंनी वाकून ड्रम बघितला. खरोखरच म्हातारा होता. रोलर काखेत मारून त्या परतल्या, आणि मेहुण्यांचं नाव खोडावं म्हणून यादी उघडतात तोच ऑपरेटर धावत आली.

"मावशी, लवकर चला. मास्तर मालकांच्या खोलीत आहेत. म्हणतायत, ड्रम मीच चोरला!"

३

"गेल्या आठवड्यात भंगारवाला आला होता," मास्तर सांगत होते. उभे राहून, हात मागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखे. "त्याच्या गाडीत खोके मीच भरले. त्यात नवा ड्रमही घातला. विकला."

"का?" मालकांचा आवाज फाटला.

"अडचण होती."

"कसली अडचण? मला सांगायचं ना! मास्तर, मी तुमच्या हाताखाली..." मालक खिडकीकडे वळले. बाईंनी त्यांना वडील वारल्या दिवशी रडताना पाहिलं होतं. तेव्हा ते असेच वळले होते.

मास्तर यंत्रखोलीत गेले. पेचकस खिशातून काढून पेटीत ठेवला. खिडकीत त्यांचा चहाचा पांढरा कप असे, कडेला टवका उडालेला. तो त्यांनी धुतला, पुसला, उलटा ठेवला आणि निघाले.

दारात बाई उभ्या होत्या.

"मास्तर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कशाला प्रयत्न करता?"

"बाई, तुमची वही खोटं बोलत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर." ते थोडं थांबले. "नातीचा नवा फोटो आला का?"

"मास्तर!"

"बरी असेल. तुमच्यासारखी भुवया वर करून बघते," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

बाई बराच वेळ त्या उलट्या कपाकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी मास्तरांना एक वॉशरसुद्धा चिठ्ठी लिहिल्याशिवाय नेताना पाहिलं नव्हतं. तो माणूस म्हणतो चोरी केली, आणि वही म्हणते ड्रम आला होता. दोघांपैकी एकजण चुकतोय. आणि दोघांवरही बाईंचा सारखाच विश्वास.

४

भंगारवाला गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. बाईंचा प्रश्न ऐकून तो पोट धरून हसला.

"ताई, त्या दिवशी चौदा खोके होते. सगळे मी ह्या पायानं चपटे केले, तिथंच, तुमच्या दारात. एकात जरी तुमचा लोखंडी नळा असता ना, आज मी काठी घेऊन चाललो असतो."

"मास्तर होते तेव्हा?"

"एकेक आणून देत होते. मी उड्या मारत होतो, ते मोजत होते."

म्हणजे मास्तरांनी ड्रम विकला नव्हता. न केलेली चोरी माणूस कबूल करतो ती कोणाला वाचवायला. कोणाला? ऑपरेटरला? त्या मुलीचा गप्प चेहरा बाईंच्या डोळ्यांपुढे आला.

संध्याकाळी त्या मास्तरांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं नेटकं घर. मास्तर फिरायला बाहेर पडले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं.

"बरं झालं आलात, बाई. ह्यांना काय झालंय ते तुम्हीच सांगा. दुपारी लवकर आले, ते आल्यापासून हे चाललंय."

गॅसच्या शेगडीवर कागदाचा चिटोरा चिकटवलेला: 'बंद केला. चार वाजता.' दाराच्या कडीवर: 'किल्ली डाव्या खिशात.' औषधाच्या डबीवर: 'दुपारची घेतली.' अक्षर मास्तरांचं, पण प्रत्येक काना खोल दाबून लिहिलेला.

"आधी असं करत होते?"

"छे! ह्यांच्या डोक्यात माझ्या माहेरच्या सगळ्यांचे वाढदिवस आहेत. मलाच आठवत नाहीत." तिनं आवाज खाली आणला. "थोरल्या दीरांचं असंच सुरू झालं होतं, बाई. आधी चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला. मग किल्ल्या. मग एक दिवस ह्यांनाच विचारलं, आपण कोण? सहा वर्षं ह्यांनी त्यांना भरवलं. ते गेले तेव्हा हे मला म्हणाले होते, मला काहीही होऊ दे, हे नको."

बाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

मास्तर कोणाला वाचवत नव्हते. मास्तर घाबरले होते. नवा ड्रम आपणच कुठंतरी हरवला, आणि कसा ते आठवत नाही, असं त्यांना वाटत होतं. डोकं गेलं म्हणवून घेण्यापेक्षा त्यांनी चोर म्हणवून घेणं पत्करलं होतं.

पण हरवला नसेल तर? निघताना बाईंनी शेगडीवरचा चिटोरा काढून पर्समध्ये टाकला. मास्तरांच्या बायकोनं ते पाहिलं आणि दार उघडून दिलं.

५

शनिवारी सकाळी सातलाच बाईंनी यंत्रखोली उघडली. खोका टेबलावर तसाच होता.

आज त्यांनी तो पहिल्यांदा नीट पाहिला. चोर जुना ड्रम काळ्या कागदात इतक्या मायेनं कशाला गुंडाळेल? घाईत कोंबेल आणि पळेल. फाटलेली टेप साधी तपकिरी होती. कंपनीच्या टेपवर नाव छापलेलं असतं. आणि ती इतकी सरळ लावलेली, जशी फक्त मास्तर लावतात. मग काळी पूड. टोनर हलकं असलं तरी खालीच बसतं. इथं मात्र खोक्याचा तळ जवळजवळ स्वच्छ होता आणि सगळी पूड झाकणाच्या आत चिकटलेली. त्यांनी झाकण मिटलं. वरच्या बाजूला, जिथं दोन बाण 'ही बाजू वर' म्हणून आकाशाकडे बोट दाखवतात, तिथं गंजाच्या दोन फिकट आडव्या रेघा होत्या. कपाटातल्या फळ्या लोखंडी पट्ट्यांच्या. पट्ट्यांमधलं अंतर त्यांनी मोजपट्टीनं मोजलं. रेघांमधलंही तेवढंच भरलं.

काही दिवस हा खोका डोक्यावर उभा होता.

"मावशी." दारात ऑपरेटर. डोळे सुजलेले. "मला रात्रभर झोप नाही. मास्तर चोर नाहीत. तो ड्रम मी ओळखला होता. तुम्ही रजेवर होता तेव्हा मी मशीनचं दार उघडं ठेवून फोनवर बोलत बसले. तासभर ट्यूबलाइटचा उजेड ड्रमवर पडला. नंतर छपाईत सावल्या यायला लागल्या. मालकांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मास्तर म्हणाले, रडू नकोस. हा मेला नाही, दिपलाय. काळोखात महिना-दोन महिने निजवला की उठेल. कपाटातला नवा त्यांनी मशीनला लावला आणि हा त्याच खोक्यात निजवला."

"मला का नाही सांगितलंस?"

"मास्तर म्हणाले होते, बाईंना खोका बघून कळेल."

खोका बघून कळेल. बाई मटकन बसायला गेल्या. मशीनच्या तोंडाशी कालपासून उलटं ठेवलेलं स्टूल त्यांनी ओढलं.

"मावशी, हात नका लावू! मास्तरांनी उलटं ठेवलंय!"

"मग? पायात येऊ नये म्हणूनच ना?"

"नाही हो! उलटं म्हणजे कामाबाहेर. मशीन दुरुस्तीत असलं की स्टूल उलटं. कागदाची रीम दमट असली की रीम उलटी. कोणी घरी गेलं की त्याचा कप उलटा. आम्ही कोणी उलट्या वस्तूला शिवत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

भांडार बोळाच्या पलीकडे. सव्वीस वर्षं बाई ते स्टूल बघत आल्या होत्या आणि कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांना ती सव्वीस तारीख आठवली. नातीचे फोटो फोनमध्ये, सगळं जग गोड. वहीत मास्तरांची चिठ्ठी: 'एक काळा ड्रम वापरला.' त्यांनी तो वजा केला, शिल्लक शून्य. मग कपाट उघडलं तर समोर ड्रमचा एक खोका, डोक्यावर उभा, दोन्ही बाण जमिनीकडे. रजेवर जाण्याआधी त्यांनी एक ड्रम मागवलेला होताच. त्या मनात म्हणाल्या होत्या, आला वाटतं. ह्या पोचवणाऱ्यांना मेल्यांना बाणसुद्धा कळत नाहीत. आणि...

त्यांनी वही उघडली. तारीख होती, वस्तू होती, सही होती. नंबराच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात एक शब्द: 'नंतर'. त्या दिवशी मास्तर दारात आले होते आणि त्यांनी पेन ठेवून फोन पुढे केला होता. बघा, बघा, भुवया बघा.

खोक्याच्या बाजूचा नंबर त्यांनी वाचला, मग वहीची चार पानं मागे उलटली. तोच नंबर. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या, मास्तरांनी मशीनला लावलेल्या ड्रमचा. खोका एकच होता. नवा दुसरा कधी आलाच नव्हता.

चोर सापडला. त्याच्या कमरेला कपाटाची किल्ली होती.

६

नऊ वाजता बाईंनी पुरवठादाराकडे फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचा ड्रम अजून आमच्याकडेच आला नाही. तुम्ही रजेवर होता तेव्हा कळवलं होतं की."

बाईंनी फोन ठेवला. अजून कोणाला काही माहीत नव्हतं. पुरवठादाराचा घोळ म्हणून सांगता आलं असतं. सव्वीस वर्षांची वही स्वच्छ राहिली असती. पण तेवढ्यानं मास्तरांच्या शेगडीवरचे चिटोरे निघाले नसते. 'घोळ झाला' ह्यानं मास्तरांचं समाधान होणार नव्हतं. आपण खोका उलटा ठेवला होता की नव्हता, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

त्यांनी पर्समधून चिटोरा काढला, वहीत खूण म्हणून घातला, आणि मास्तरांना बोलावणं पाठवलं.

अकराला सगळे यंत्रखोलीत जमले. मास्तर दाराशी, परक्यासारखे.

"मालक, ड्रम चोरीला गेला नाही," बाई म्हणाल्या. "जो आलाच नाही, तो चोरणार कोण?"

मग त्यांनी एकेक करून सांगितलं. साधी टेप. झाकणातली पूड. गंजाच्या रेघा. 'नंतर' हा शब्द. एकच नंबर दोन ठिकाणी. चपटे केलेले चौदा खोके. ड्रम निजवावा का लागला, ते ऑपरेटरनं स्वतःच पुढे होऊन सांगितलं. मालकांनी डोळे वटारले आणि मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून मिटले.

"मास्तरांनी खोका उलटा ठेवला. मी तो सरळ केला आणि नवा म्हणून वहीत चढवला. चूक माझी."

बाईंच्या तोंडून हे वाक्य कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

मास्तर हळूहळू टेबलापाशी आले.

"म्हणजे मी उलटाच ठेवला होता?"

"उलटाच."

"नक्की?"

बाईंनी खोका त्यांच्या पुढे सरकवला. मास्तरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, गंजाच्या एका रेघेवर बोट ठेवलं आणि टोकापर्यंत नेलं. मग दुसऱ्या.

"मला आठवत होतं," ते म्हणाले. "स्वच्छ आठवत होतं, बाई. उलटा ठेवला, टेप लावली, हात पुसले. पण काल खोका सरळ. आणि दुसरा खोका नाही. तुमची वही म्हणते, नवा आला. मग मला वाटलं, उलटा ठेवल्याचं मी मनानंच रचलं. नवा मीच भंगारात दिला. थोरल्यालाही असंच सगळं स्वच्छ आठवायचं, जे कधी झालंच नव्हतं."

"म्हणून चोर झालात?" मालक म्हणाले.

"चोराला निदान शुद्ध असते."

"मास्तर, तुम्हाला तुमच्या डोक्यापेक्षा माझी वही खरी वाटली?" बाईंचा आवाज चिडका निघाला, दुसरा कुठला काढला असता तर फुटला असता.

"सव्वीस वर्षांची सवय."

बाईंनी लाल पेन घेतलं. सव्वीस तारखेच्या ओळीवर, सगळ्यांच्या देखत, पट्टीनं सरळ रेघ मारली, बाजूला 'चुकीची नोंद' असं लिहिलं आणि सही केली. त्यांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. ती सुद्धा पट्टीनं मारलेली, म्हणून ऑपरेटरला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"ते सगळं ठीक," मालक म्हणाले. "पण पुस्तकांचं काय? ड्रम तर नाहीच आपल्याकडे."

मास्तरांनी काळ्या कागदातला ड्रम उचलला. "हा आहे की. दोन महिने झाले निजून. बघू या, उठतो का."

त्यांनी खोलीतले दिवे मालवायला लावले. खिडकीच्या एका फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांचे हात चालले, न चाचपडता, प्रत्येक स्क्रू जागच्या जागी. मग स्टूल उचलून सरळ ठेवलं. मशीन घुमलं. पहिलं पान बाहेर आलं ते थोडं करडं. दुसरं त्याहून बरं. दहावं पान मास्तरांनी मालकांच्या हातात दिलं. टपोरी काळी अक्षरं, मागे सावली नाही, मधे रेघ नाही.

मालकांनी ते पान डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, मग अगदी जवळ. "कंपनीच्या माणसाला सोमवारी बोलावलं होतं," ते म्हणाले. "नका येऊ म्हणून कळवतो." आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. शर्टावर पाच काळी बोटं उमटली. कालचं काळं अजून निघालं नव्हतं.

चारशे प्रती रविवारी दुपारी बांधून तयार झाल्या. पण ते पुढचं. त्या शनिवारी, मशीन लयीत आल्यावर, ऑपरेटरनं चहा आणला. बाई खिडकीपाशी गेल्या. मास्तरांचा टवका उडालेला कप कालपासून तिथंच उलटा होता. त्यांचा हात सवयीनं पुढे झाला आणि मधेच थांबला.

"मास्तर," त्यांनी वळून विचारलं, "हा सरळ करू का?"

मास्तर स्टुलावर बसले होते, मशीनचा आवाज कान देऊन ऐकत. त्यांनी थोडा विचार केला, निदान तसं दाखवलं.

"करा," ते म्हणाले. "आणि तो फोटो दाखवा."